लाव्याचे अंडे : पर्याय की पाहुणा?

पुनरुत्थान सणाला आठवडा उरला होता. उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्यावरील एका दुकानापाशी शेजारच्या आजी भेटल्या. त्यांच्या हातात पारदर्शक डबी होती आणि डबीत बारा चिमुकली अंडी. करड्या कवचावर काळसर तपकिरी ठिपके, जणू कोणी शाईचा झारा शिंपडला असावा.

"मास्तर, ही लाव्याची अंडी म्हणे. आमच्या नातवाला डॉक्टरांनी कोंबडीचं अंडं बंद केलंय, ठाऊक आहे ना तुम्हाला? खाल्लं की अंगभर गांधी उठतात. हा दुकानवाला सांगतो, हे चालतं, ह्याची बाधा होत नाही. सणाच्या दिवशी सगळी मुलं अंडं खातील आणि हा एकटाच बघत बसेल. घेऊ का?"

मी म्हटले, "आजी, हवी तर घ्या, पण पोराला देऊ नका. दोन दिवस थांबा, वाचून सांगतो."

प्रश्न साधा होता, परंतु त्याचे उत्तर शोधता शोधता हा इवलासा पक्षी मला मिसर देशापासून जपानपर्यंत आणि तेथून पुन्हा आपल्या अंगणापर्यंत घेऊन आला. कोंबडीच्या अंड्याला लाव्याचे अंडे हा पर्याय होऊ शकतो काय, हा प्रश्न आज अनेक घरांत विचारला जातो. कोणी आजारासाठी विचारतो, कोणी नवलाईसाठी, तर कोणी चार पैसे मिळतील या आशेने. म्हणून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

जुनी ओळख

लावा आपल्याला परका नाही. ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या उपकारांची जी यादी येते, तीत लांडग्याच्या जबड्यातून सोडवलेल्या 'वर्तिके'चा उल्लेख आहे. वर्तिका म्हणजे लावा पक्षीण. देवांच्या वैद्यांनी वाचवलेला हा पक्षी पुढे माणसांच्या वैद्यांनी ताटात वाढला. चरकसंहितेत हितकर पदार्थांची गणना करताना पक्ष्यांच्या मांसात लाव्याला पहिला मान दिला आहे. हिंदीत त्यालाच 'बटेर' म्हणतात आणि लखनौच्या नबाबी काळात बटेरांच्या झुंजी लावण्याचा शौक प्रसिद्ध होता. प्राचीन मिसरच्या चित्रलिपीत तर लाव्याचे पिल्लू हे एक अक्षरच होते. 'व' किंवा 'ऊ' या ध्वनीसाठी ते पिल्लू कोरले जात असे. फारोच्या दगडी भिंतींवर ही पिल्ले आजही रांगेने उभी आहेत.

त्याच मिसर देशातून बाहेर पडलेल्या इस्राएली लोकांची आणि लाव्यांची गाठ पवित्र शास्त्रात दोनदा पडते. निर्गमाच्या सोळाव्या अध्यायात संध्याकाळी लावे येऊन छावणी झाकून टाकतात आणि सकाळी मान्ना पडतो. तेथे तो पक्षी म्हणजे निव्वळ कृपा आहे. गणनेच्या अकराव्या अध्यायात मात्र प्रसंग वेगळा आहे. मान्ना खाऊन विटलेले लोक मिसरमधील मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवून रडतात. मासे तेथे फुकट मिळत, असेही ते सांगतात. उत्तनच्या कोळीवाड्यातील वाचकांना यावर हसू आल्याशिवाय राहणार नाही. मग समुद्राकडून वारा सुटतो, लावे छावणीभोवती एका दिवसाच्या वाटेपर्यंत पसरतात आणि लोक ते अधाशासारखे गोळा करतात. ज्याने सर्वांत कमी गोळा केले त्याच्याकडेही दहा होमर झाले, असे शास्त्र सांगते. घास दातांत असतानाच मरी उद्भवली आणि त्या जागेला किब्रोथ-हत्तव्वा, म्हणजे वासनेच्या कबरी, असे नाव पडले. ज्ञानग्रंथाचा लेखक पुढे हेच लावे देवाच्या औदार्याची खूण म्हणून आठवतो. एकच पक्षी, एकदा वरदान आणि एकदा शिक्षा. फरक पडला तो घेणाऱ्याच्या हातात.

या प्रसंगाला निसर्गाचीही एक बाजू आहे. सामान्य लावा हा स्थलांतर करणारा पक्षी असून वर्षातून दोनदा तो भूमध्य समुद्र ओलांडतो. समुद्र पार करून किनाऱ्याला लागलेले लावे इतके थकलेले असतात की ते हातानेही पकडता येतात. त्या प्रवासात काही ठिकाणी ते माणसाला अपायकारक अशी बिये खातात. पक्ष्याला काही होत नाही, पण त्याचे मांस खाणाऱ्याचे स्नायू दुखावतात आणि मूत्रपिंडे बिघडतात. ही बाधा ग्रीक आणि रोमन लेखकांना माहीत होती आणि ग्रीसच्या बेटांवर विसाव्या शतकातही तिचे रुग्ण आढळले. खुराड्यात, माणसाने दिलेल्या खाद्यावर वाढलेल्या लाव्याला मात्र ही गोष्ट लागू नाही, हे येथेच सांगितलेले बरे.

रानाचा पक्षी, रानाचा नियम

युरोपातही लावा शतकानुशतके रानातूनच ताटात येत राहिला. इटलीतील काप्री बेटावर तर वसंतात आणि शरदात लाव्यांचे थवे उतरत. बेट गरीब होते आणि तेथील बिशपांचे उत्पन्न मुख्यत्वे जाळ्यात सापडलेल्या लाव्यांवरील करातून येई. त्यामुळे रोममध्ये त्यांना थट्टेने 'लाव्यांचे बिशप' म्हणत. १८१८ साली तो धर्मप्रांत विसर्जित झाला. धर्मप्रांताचा खर्च पक्ष्यांच्या थव्यांवर चालावा, हे आज आपल्याला नवल वाटते. परंतु ज्याच्या पदरी जे पडले त्यावर त्याने संसार केला, एवढाच त्याचा अर्थ.

आपल्याकडे माळरानावरचे लावे-तितर पकडण्याची विद्या फासेपारध्यांच्या हाती होती. समाजाचे नावच त्या फाशांवरून पडले. गवतातील वाट ओळखून तीत बारीक फास मांडायचे आणि पक्ष्याची शीळ घालून त्याला बोलवायचे, हे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातले लावे पकडण्यास बंदी घातली. ती योग्यच होती, परंतु ज्यांचे पोट त्या फासावर होते त्यांना दुसरे काय दिले, हा प्रश्न मात्र उरला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या सर्व इतिहासात लाव्याच्या मांसाचा उल्लेख वारंवार येतो. रोजच्या आहारातले अंडे म्हणून त्याचे नाव कोठेच नाही. आणि ते साहजिक आहे. रानपक्ष्याची अंडी म्हणजे गवतात लपलेले एक घरटे. ती एकदा उचलली की संपली. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात याविषयी एक हृदयस्पर्शी नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे आढळले आणि पक्षीण अंड्यांवर बसलेली असली, तर तिला अंड्यांसह धरू नये. आईला जाऊ द्यावे. मूळ सांभाळून फळ घ्यावे, ही ती शिकवण. रोज अंडे हवे असेल तर पक्षी रानात असून भागत नाही, तो दारात असावा लागतो. आणि दारात होती ती कोंबडी.

अंगणातली कोंबडी

कोंबडीचे मूळ आपल्या आशिया खंडातल्या रानकोंबड्यात आहे. येशूच्या काळापर्यंत ती यरुशलेमच्या अंगणात इतकी रुळली होती की प्रभूने आपली माया सांगण्यासाठी तिचीच उपमा घेतली. कोंबडी जशी पिल्लांना पंखांखाली एकवटते, तसे त्या नगरीच्या लेकरांना एकवटण्याची इच्छा त्याने बोलून दाखवली. गरुड नाही, कबूतर नाही, तर खुडूक कोंबडी. लूकच्या शुभवर्तमानात अंडे मागणाऱ्या मुलाचाही दाखला येतो; कोणता बाप त्याच्या हातावर विंचू ठेवील, असे प्रभू विचारतो. आजींचा प्रश्न ऐकताना मला पहिल्यांदा हाच दाखला आठवला होता.

पुढे ख्रिस्तमंडळाच्या जीवनात अंड्याला सणाचे स्थान मिळाले ते उपवासामुळे. मध्ययुगात पाश्चात्त्य मंडळात प्रायश्चित्तकाळाचे चाळीस दिवस मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. माणसे उपास करीत, पण कोंबड्या अंडी घालायच्या थांबत नसत. साठलेली अंडी पुनरुत्थानाच्या दिवशी उकडून, रंगवून वाटली जात. ईस्टरच्या अंड्याचा उगम या साठवणीत आहे. नियम हळूहळू सैल होत गेले. १९१७ च्या धर्मसंहितेने वर्ज्य दिवशी फक्त मांस व मांसाचा रस्सा वगळून अंड्यांना मोकळीक दिली.

१५३४ च्या तहाने वसई आणि साष्टीचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांच्या मोहिमेत आधी धारावी बेटावरचा किल्ला व नंतर वसई पडेपर्यंत तो त्यांच्याकडे राहिला. धारावी बेट म्हणजे आजचा आपला उत्तन-डोंगरीचा परिसर. या दोनशे वर्षांत पोर्तुगालमधील मठांच्या स्वयंपाकघरांतील अंड्याच्या मिठाया समुद्रमार्गे या किनाऱ्याला लागल्या. गोव्याच्या बेबिंकेत पिवळे बलक किती लागतात, हे ज्यांनी ती केली आहे त्यांनाच ठाऊक. आपल्या लग्नघरी कढईत फुगणाऱ्या फुग्यांच्या पिठातही मैदा, नारळाचे दूध यांच्यासोबत अंडे असतेच. सण आला की आया-मावश्या डालग्याखाली हात घालीत. दुकानात जाण्याचे कारणच नव्हते.

गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देई, त्यापेक्षा फार नाही. काही अंडी ती खुडूक होऊन स्वतःच उबवी. पण तिला वेगळे खाद्य लागत नसे. भाताच्या खळ्यावरचे सांडलेले दाणे, मासळी साफ केल्यावर उरलेले, घरातले खरकटे, आणि बाकी सारे ती स्वतः उकरून काढी. अंड्यांचे चार पैसे घरच्या बाईच्या हाती राहत. पाहुणा आला तर अंडे, बाळंतिणीला अंडे, आजाऱ्याला अंडे. हे अर्थशास्त्र कोणत्याही वहीत लिहिलेले नव्हते, पण घर त्यावर सावरून होते.

मग अंगणेच गेली. १९८५ साली मीरा-भाईंदर नगरपरिषद स्थापन झाली, पुढे राई, मुर्धे, डोंगरी, उत्तन ही गावे तिच्यात आली आणि २००२ साली महानगरपालिका झाली. मिठागरांच्या आणि भातखाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. सातव्या मजल्यावरच्या सज्जात खुराडे ठेवता येत नाही. त्याच काळात कोंबडीही अंगणातून कारखान्यात गेली. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि १९८२ च्या सुमारास राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देणाऱ्या पांढऱ्या कोंबड्या पिंजऱ्यांच्या रांगांत आल्या आणि अंडे स्वस्त झाले, गरिबाला परवडू लागले. हा लाभ नाकारता येणार नाही. पण अंडे आता शेजारणीकडून नव्हे, तर ट्रकमधून येऊ लागले.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूची साथ आली. भारतातील ती पहिलीच. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, कुक्कुटपालक देशोधडीला लागले आणि महाराष्ट्रभर लोकांनी अंडी खाणे सोडले. दुसरे काही आहे का, असे माणसे विचारू लागतात ती अशा वेळी. ट्रकमधून येणाऱ्या अंड्याची भीती वाटू लागली की माणूस पर्याय शोधतो आणि दुकानातली ठिपकेदार डबी त्याच्या नजरेत भरते.

जपानचा लावा

डबीतले अंडे रानातल्या लाव्याचे नव्हे, ते जपानी लाव्याचे असते. त्याची कथा निराळी आहे. जपानात मध्ययुगापासून लावा पाळला जाई तो गाण्यासाठी. त्याच्या आवाजाच्या स्पर्धा भरत आणि चांगला गाणारा नर सरदारांच्या घरी मानाने राही. विसाव्या शतकाच्या आरंभी, १९१० च्या सुमारास, लोकांचे लक्ष नराच्या कंठावरून मादीच्या अंड्याकडे वळले. वेचक पैदाशीतून भरपूर अंडी देणारा पक्षी तयार झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या धुमाळीत हे कळप जवळजवळ नष्ट झाले आणि गाणाऱ्या जाती तर कायमच्या गेल्या. युद्धानंतर उरल्यासुरल्या पक्ष्यांतून अंडी देणारा लावा पुन्हा उभा करण्यात आला. आइची प्रांतातील तोयोहाशी शहर त्याचे केंद्र बनले.

या पाळीव जीवनात लाव्याने एक गोष्ट गमावली. जपानी लाव्याची मादी सहसा अंड्यांवर बसत नाही. अंडे घालते आणि पुढे चालू लागते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीत तिची ऊब देण्याची वृत्तीच मावळली. त्यामुळे तिची अंडी सतरा-अठरा दिवस यंत्रात उबवावी लागतात, नाहीतर लहान चणीच्या खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात. लाव्याच्या पुढच्या पिढीसाठीही, म्हणजे, यंत्र नसेल तेथे कोंबडीचेच पंख शोधावे लागतात. लवकर उबणारे आणि कमी जागा घेणारे म्हणून हेच अंडे शास्त्रज्ञांनी अंतराळातही नेले. १९९० साली 'मीर' या सोव्हिएत अंतराळस्थानकात लाव्याची पिल्ले जन्मली. पण पाय रोवायला जमीन नसल्याने त्यांना धड दाणाही टिपता येईना.

भारतात जपानी लावा आला तो १९७४ साली, अमेरिकेतील कॅलिफोर्नियातून उत्तर प्रदेशातील इज्जतनगरला. तेथे १९७९ साली केंद्रीय पक्षी संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिने आपल्या हवेला साजेसे वाण तयार केले. तामिळनाडूत लाव्याचे मांस आधीपासून आवडीचे असल्याने तेथे हा धंदा चांगला रुजला. केंद्र सरकारच्या कुक्कुट विकास संस्थांनीही कोंबडीखेरीज बदक, टर्की आणि लावा यांच्याकडे लक्ष वळवले.

मध्येच कायद्याने अडवले. पाळलेला जपानी लावा आणि रानातला लावा यांच्यात इतके साम्य आहे की पाळीव म्हणून रानचा पक्षी विकला जाण्याचा धोका होता. २०११ साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने नव्या फार्मांवर निर्बंध आणले आणि अनेकांचे भांडवल अडकले. काही वर्षांत जपानी लाव्याला पाळीव पक्षी मानून तो अडसर दूर झाला. रानातला लावा मात्र आजही संरक्षित आहे. रस्त्याच्या कडेला पिशवीत भरून विकायला आणलेला पक्षी घेऊ नये. तो रानातला असेल तर विकणाऱ्याबरोबर घेणाराही गुन्ह्यात सापडतो.

पर्यायाची परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लाव्याचे अंडे सुमारे दहा ग्रॅम वजनाचे, कोंबडीचे पन्नास-पंचावन्न. म्हणजे एका अंड्याच्या जागी पाच. दहा अंड्यांचा केक करायचा तर पन्नास लहान अंडी फोडावी लागतील. आणि त्यांच्या कवचाखालचा पापुद्रा चिवट असल्याने प्रत्येकाला सुरीचे टोक लावावे लागेल. उकडून खायला मात्र ती छान. उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटे पुरतात; लगेच थंड पाण्यात टाकली की सोलणे सोपे जाते. चवीला कोंबडीच्या अंड्यासारखीच, बलक थोडा अधिक.

पोषणाचे म्हणाल तर तेवढ्याच वजनाला प्रथिने दोन्हींत जवळजवळ सारखी, शंभर ग्रॅममागे तेरा ग्रॅमच्या आसपास. लोह आणि बारावे ब जीवनसत्त्व लाव्याच्या अंड्यात अधिक असते. पण 'यात कोलेस्टेरॉल नसते' असे जे सांगितले जाते ते खरे नाही; ते वजनाच्या मानाने कोंबडीच्या अंड्यापेक्षा कमी नसतेच. 'हे अंडे कच्चे प्यायले तरी बाधत नाही' हेही धोक्याचे बोलणे आहे. विषमज्वराच्या जंतूंच्या जातकुळीतले, पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू लाव्याच्या अंड्यातही असू शकतात. ती शिजवूनच खावी, विशेषतः मुलांनी, वृद्धांनी आणि गरोदर स्त्रियांनी.

बर्ड फ्लूच्या भीतीने लाव्याकडे वळणाऱ्यांनी तोयोहाशीची हकीकत ध्यानात ठेवावी. २००९ साली तेथील लाव्यांच्या फार्मांतच बर्ड फ्लूचा विषाणू सापडला आणि पक्षी मारावे लागले. हाँगकाँगमध्ये १९९७ च्या साथीनंतर जिवंत लावे इतर कोंबड्यांपासून वेगळे काढण्यात आले, कारण विषाणूंची देवघेव त्यांच्या शरीरात सहज होते असे शास्त्रज्ञांना दिसले. कोंबडी आणि लावा एकाच कुळातले. एकाचे दुखणे दुसऱ्याला चुकत नाही.

धंद्याचा हिशेबही पाहू. लावा सहा-सात आठवड्यांत अंड्यावर येतो, कोंबडीला साडेचार-पाच महिने लागतात. जागा कमी लागते. वर्षाला अडीचशेहून अधिक अंडी मिळतात. ऐकायला हे गोड वाटते. पण दहा ग्रॅमच्या अंड्यासाठी मादी रोज पंचवीस ग्रॅमच्या आसपास खाद्य खाते. कोंबडी एकशेदहा ग्रॅमच्या आसपास खाऊन पंचावन्न ग्रॅमचे अंडे देते. म्हणजे किलोमागे लाव्याचे अंडे अधिक खाद्य घेते, आणि ते खाद्यही अधिक प्रथिनांचे, म्हणून महाग. खळ्यावरचे सांडलेले दाणे वेचून तो जगत नाही. पिल्ले यंत्रातून विकत आणावी लागतात. ज्याच्याजवळ नक्की गिऱ्हाईक आहे त्याला हा धंदा साधेल; आजीच्या कोंबड्यांची जागा भरून काढील असा तो नाही.

राहिला आजींच्या नातवाचा प्रश्न, आणि तो सर्वांत गंभीर. अंड्याची ॲलर्जी ही मुख्यतः त्याच्या पांढऱ्या भागातील काही प्रथिनांची असते. कोंबडी आणि लावा एकाच कुळातले असल्याने त्यांच्या अंड्यांतील ही प्रथिने फार मिळतीजुळती आहेत. ज्या मुलाचे शरीर एकाला शत्रू समजते ते दुसऱ्यालाही पुष्कळदा शत्रूच समजते. त्यातील एक प्रमुख प्रथिन तर उकडल्यानेही सहजासहजी मोडत नाही. अंगावर गांधी उठण्यापासून ओठ सुजणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे येथपर्यंत त्याचे परिणाम जाऊ शकतात. 'लहान अंडे, लहान बाधा' असा हिशेब येथे चालत नाही. तेव्हा दुकानदाराच्या शब्दावर घरी प्रयोग करू नये; तपासणी करून, आपल्या देखरेखीखाली काय द्यायचे ते डॉक्टरांनी ठरवावे.

दोन दिवसांनी मी आजींच्या घरी गेलो आणि हे सांगितले. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे ह्यावर्षीही नाहीच?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "ह्यावर्षी नाही. पण अनेक मुलांची ही बाधा वय वाढेल तशी ओसरते. डॉक्टरांना दरवर्षी विचारत राहा." सणाच्या दिवशी त्यांनी ती बारा अंडी उकडून मोठ्यांच्या ताटात वाढली. नातवासाठी नारळाचे दूध आणि गूळ घालून, अंड्याशिवाय काहीतरी वेगळे केले होते. आणि ते त्याच्या एकट्याच्या नव्हे, सर्वच मुलांच्या बशीत होते, म्हणजे कोणी बघत बसायला नको.

लाव्याच्या अंड्याला माझा विरोध नाही. पाहुणा म्हणून ते ताटात यावे, मुलांनी त्याचे ठिपके मोजावे, मोठ्यांनी निर्गमाची गोष्ट सांगावी. पण जे अंडे रोज आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि शाळकरी मुलाला पुरले, त्याची जागा ते घेऊ शकत नाही. जपानी लाव्याची मादी आपल्या अंड्यांवर बसणे विसरली आहे आणि यंत्र नसेल तर तिची पिल्ले कोंबडीच्याच पोटाखाली उबतात. आपल्या अंगणातून ती खुडूक कोंबडी गेली. पण त्या दिवशी आजींनी जे केले ते पाहताना, ती या घरातून अजून गेलेली नाही, असे मला वाटले.